डेक काढून टाकू नकोस

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र आलं त्याच रात्री उत्तर लिहायला हवं होतं. पण टेबलावर माझा बूमबॉक्स, म्हणजे रेडिओ-कॅसेटचा तो मोठा संच, पोट उघडून पडला होता, बोटं काळी झाली होती आणि मोटरचा वेग जुळल्याशिवाय उठायचं नाही असं ठरवलं होतं. आज तो जुळला. मागचं झाकण बसवलं, हात धुतले आणि लगेच लिहायला घेतलं.

तू लिहितोस, माळ्यावरून तो जुना टू-इन-वन खाली काढला, रेडिओ जरा खरखरतो, कॅसेट मात्र हलतच नाही. प्ले दाबलं की मोटरची घरघर येते आणि बाकी सगळं ढिम्म. म्हणून डेक, म्हणजे कॅसेट फिरवणारी सगळी यंत्रणा, उपटून टाकायचा, तिथे ब्लूटूथ आणि लिथियमची बॅटरी बसवायची, वरून काळा रंग मारायचा. ब्लूटूथ बसव. बॅटरीही बसव. पण डेक काढून टाकू नकोस, गड्या. मोटर फिरतेय आणि बाकी काही हलत नाही, याचा अर्थ बहुतेक बेल्ट गेलाय, इतकंच.

हे इतक्या कळकळीने सांगतोय, कारण माझ्या हातून हे एकदा घडलंय. माझा पहिला संच मी असाच आतून रिकामा केला. मोटर, फ्लायव्हीलचं जड चाक, टेपवरचा आवाज वाचणारं हेड, सगळं टाकून दिलं. काम नीट झालं, आवाजही छान यायचा. पण कॅसेटच्या खिडकीमागे नुसती पोकळी होती. प्लेचं बटण दाबलं की खाली जायचं आणि बोट उचललं की वर यायचं, कारण त्याला अडकवून धरणारं आत काही उरलंच नव्हतं. पुढे कॅसेटींचा एक खोका सापडला. त्यातल्या निम्म्या मी त्याच संचावर रेकॉर्ड केलेल्या. त्या आता दुसऱ्या कुठल्याही डेकवर लावल्या की गोधडीआडून बोलल्यासारख्या दबक्या वाजतात. त्याचं कारण पुढे सांगतो. तुझ्याकडेही तशा कॅसेटी आहेत हे मला ठाऊक आहे.

आधी बेल्ट. मागचं झाकण काढलंस की डेकच्या पाठीला एक जड, चकचकीत चाक दिसेल. ते फ्लायव्हील. मोटरच्या बारीक पुलीवरून त्याच्यावर रबराचा बेल्ट जातो. जुन्या बेल्टचं दोनपैकी एक झालेलं असतं: एकतर तो ताणून सैल पडतो, नाहीतर त्याचं अक्षरशः डांबर होतं. माझ्या या संचात डांबर होतं. चिमट्याने धरायला गेलो तर काळी तार निघत राहिली, गुळाच्या पाकासारखी, आणि ती जिथे लागली तिथून निघेना. हातमोजे घाल. कापसाचे बोळे आणि आयसोप्रोपिल अल्कोहोल घे, पुलीच्या खाचेतून, फ्लायव्हीलच्या कडेवरून सगळं पुसून काढ. खाचेत जरासा जरी डाग राहिला तरी प्रत्येक फेऱ्याला तिथे बेल्ट गचका खातो आणि गाण्यातला लांब स्वर थरथरतो. मला यात दोन संध्याकाळी लागल्या. त्या लागू देत.

विरघळलेल्या बेल्टचं माप मिळत नाही. त्यासाठी साधा दोरा घे, बेल्ट ज्या वाटेने जायचा त्याच वाटेने पुल्यांभोवती फिरव, जिथे टोकं भेटतात तिथे पेनाने खूण कर आणि दोरा मोजपट्टीवर सरळ ठेव. आलेल्या लांबीतून साधारण ५ टक्के वजा कर, तेवढ्या घेराचा बेल्ट माग. फार घट्ट घेऊ नकोस. घट्ट बेल्टने मोटरच्या बेअरिंगवर ताण येतो आणि ती कुरकुरायला लागते.

डेक उघडलाच आहेस तर पिंच रोलरही बघ. टेपची पट्टी कॅपस्टनवर, म्हणजे ती पुढे ओढणाऱ्या फिरत्या दांडीवर, दाबून धरणारं ते छोटं रबरी चाक. ते काचेसारखं गुळगुळीत झालं असेल तर पट्टी एका बाजूला सरकते आणि डेक कॅसेट खातो. रबर साबणाच्या पाण्याने पूस, अल्कोहोल धातूसाठी ठेव. हेड आणि कॅपस्टनवर तपकिरी थर दिसेल, ते टेपवरून झडलेलं आयर्न ऑक्साइड. ते निघालं की आवाजावरचा पडदाच बाजूला होतो.

एक बाजू वाजत नसेल किंवा मध्येच शीळ येत असेल तर स्पीकरला दोष देऊ नकोस. सर्किट बोर्डावर एक लांबलचक सरकता स्विच असतो, रेकॉर्डचं बटण दाबलं की तो सरकतो. त्यात दोन ओळींत बरेच संपर्कबिंदू असतात आणि वर्षानुवर्षं न हलल्यामुळे ते काळे पडतात. वीज पूर्ण तोडून त्यात इलेक्ट्रॉनिक्सचा कॉन्टॅक्ट क्लीनर सोड आणि हाताने तो तीस-चाळीस वेळा मागेपुढे कर. गंजलेले नट सोडवायचं तेल तिथे चुकूनही मारू नकोस. आवाजाच्या नॉबची खरखरही अशीच जाते. 'सगळे कपॅसिटर (बोर्डावरचे वीज साठवणारे छोटे डबे) बदलून टाक' असा सल्ला तुला हमखास मिळेल. मला तो पटत नाही. फुगलेला, पाझरलेला किंवा मोजून खराब ठरलेला तेवढाच बदल, ध्रुव बघून बसव, आणि व्होल्टेज मूळच्यापेक्षा कमी घेऊ नकोस. चांगलं चालणारं उकरलं की नवे दोष आपणच पेरतो.

आता त्या दबक्या कॅसेटींची गोष्ट. तिच्यासाठी थोडं मागे जावं लागेल. ही कॅसेट फिलिप्सने १९६३ साली बाजारात आणली. बेल्जियममधल्या हासेल्टच्या कारखान्यात फिलिप्सचे अभियंते लू ओटेन्स यांच्या हाताखाली ती घडली. कोटाच्या खिशात मावेल एवढा लाकडी ठोकळा त्यांनी आधी करून घेतला होता आणि यंत्र त्या मापात बसवायचं असं ठरवलं होतं. तीनच वर्षांनी, १९६६ मध्ये, फिलिप्सनेच रेडिओ आणि रेकॉर्डर एका पेटीत घालून विकायला काढले. आपल्या बूमबॉक्सचं मूळ तिथे. कॅसेटच्या पट्टीची रुंदी अवघी ३.८१ मिलिमीटर, आणि तेवढ्यात स्टिरिओचे चार माग, म्हणजे ट्रॅक: दोन एका बाजूचे, दोन उलटवल्यावरचे. पट्टी सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर सरकते. भागाकार करून बघ: १०,००० हर्ट्झच्या बारीक आवाजाची एक लहर पट्टीवर ४.७६ मायक्रॉनमध्ये मावते. डोक्यावरच्या केसाच्या जाडीचा दहावा हिस्साही नाही.

इतक्या बारीक लहरी वाचायच्या तर हेडची फट, जिच्यातून ते टेप वाचतं, पट्टीशी अगदी काटकोनात उभी हवी. ती किंचित कलली की फटीचं एक टोक एका लहरीवर आणि दुसरं पुढच्या लहरीवर येतं, दोन्ही एकमेकांना खातात आणि झांजांचा, श्वासाचा, 'स'चा आवाज नाहीसा होतो. हा कोन हेडशेजारच्या एका छोट्या स्क्रूने ठरतो, त्याला ॲझिमथचा स्क्रू म्हणतात. माझ्या पहिल्या संचाचं हेड थोडं कललेलं होतं. मला ते कधीच कळलं नाही, कारण ज्या कलत्या हेडने रेकॉर्ड केलं त्याच कलत्या हेडने मी ऐकत होतो. त्या कॅसेटींची खरी किल्ली तो कललेला कोन होता, आणि तो मी डेकसकट फेकून दिला. आता एकेका कॅसेटसाठी या नव्या डेकचा स्क्रू कानाने फिरवत बसावं लागतं. कधी सापडतो, कधी नाही.

म्हणून तुझ्या संचात नवा बेल्ट पडला की सगळ्यांत आधी तू त्यावर रेकॉर्ड केलेल्या कॅसेटी लाव आणि संगणकावर उतरवून घे. स्क्रूला हात लावण्याआधी. त्याच्या डोक्यावर आणि शेजारच्या पत्र्यावर नेलपेंटची एक सलग रेघ मार, म्हणजे मूळ जागा कायम सापडेल. कॅसेटी उतरवून झाल्या की बाजारातून विकत घेतलेली चांगली कॅसेट लावून, आवाज मोनो करून, स्क्रू अगदी थोडा-थोडा हलव. एका जागी आवाज अचानक उघडतो, खिडकीचं तावदान सरकल्यासारखा. तुझ्या कानाला ते चटकन कळेल.

वेगाचं मात्र कानावर सोडू नकोस. ३,१५० हर्ट्झचा सूर भरलेली टेस्ट कॅसेट मिळते. ती लावून मोबाइलवरच्या फ्रिक्वेन्सी मोजणाऱ्या ॲपवर बघायचं. माझा आकडा ३,२४० दाखवत होता, म्हणजे जवळजवळ ३ टक्के जलद. गाण्याचा सूर जवळजवळ अर्धी पट्टी चढलेला. मोटरच्या पाठीला एक बारीक भोक असतं, त्यात प्लॅस्टिकच्या दांडीचा पेचकस घालून आतला प्रीसेट, म्हणजे वेग ठरवणारा छोटा स्क्रू, केसभर फिरवायचा. नवा बेल्ट रुळायला वेळ लागतो, म्हणून आधी डेक तासभर चालू ठेव. काल जुळवलेला आकडा मला आज सकाळी पुन्हा जुळवावा लागला. आता ३,१४५ ते ३,१५५ च्या आत हलतो. इतकं स्थिर गाणं मी या संचावर पहिल्यांदाच ऐकलं, खरंच.

आता तुझ्या आवडीचं. ब्लूटूथचा छोटा बोर्ड घे आणि त्याच्या तारा मागच्या लाइन-इनच्या, म्हणजे बाहेरचा आवाज आत घेणाऱ्या, सॉकेटला आतून जोड. त्यासाठी कुठलीही मूळ वायर कापावी लागत नाही. बोर्डाला वीज संचातूनच दिलीस तर गाण्यामागे एक बारीक चिरचिर ऐकू येईल, कारण दोघांची ग्राउंड, म्हणजे विजेची परतीची वाट, एकच होते आणि बोर्डाचा गोंधळ तिच्यातून ॲम्प्लिफायरमध्ये शिरतो. मध्ये आयसोलेटेड डीसी-डीसी कन्व्हर्टर, म्हणजे दोघांच्या तारा वेगळ्या ठेवून वीज देणारा तुकडा, टाक, ती नाहीशी होते. मी त्याआधी शील्डची वायर, फेराइटचे मणी, सगळं करून पाहिलं, पण चिरचिर गेली ती याच एका तुकड्याने. बोर्ड सेलच्या कप्प्यात बसव, तिथे जागा उरेलच. सगळे जोड प्लगचे ठेव, दोन बोटांनी निघतील असे.

डायलच्या मागचे दिवे गेले असतील तर एलईडी लाव, पण पिवळसर उजेडाचे. पांढऱ्या-निळ्या उजेडात डायलवरचे आकडे निर्जीव दिसतात. जाळी चेपली असेल तर काढून, खाली जाड कापडाची घडी ठेवून, आतल्या बाजूने लाकडी चमच्याच्या गोल पाठीने हळूहळू दाब. आणि रंगाचं एवढं ऐक: प्लॅस्टिकवरचा तो चंदेरी मुलामा एकदा घासला की घरी परत देता येत नाही. काळाच हवा असेल तर व्हिनाइलची शीट चिकटव. ड्रायरने कोमट करून ताणली की कोपऱ्यांवरही बसते, आणि नको झाली की सोलून काढता येते.

बॅटरीचं तुझ्या संचाच्या सेलवर अवलंबून आहे. आठ जाड सेलचा असेल तर १२ व्होल्ट. त्याला लिथियमचे तीन सेल ओळीने जोडलेला पॅक चालतो, पूर्ण भरल्यावर १२.६ व्होल्ट. कोरे आठ सेलही साधारण तेवढेच देतात, म्हणून संचाला फरक कळत नाही. दहा सेलचा असेल तर १५ व्होल्ट. मग लिथियमचे चार लागतील, आणि ते भरल्यावर १६.८ वर जातात, म्हणून मध्ये व्होल्टेज आवरणारं सर्किट हवं. दोन्हीकडे संरक्षक बीएमएस बोर्ड (सेल जास्त भरू किंवा पार रिकामे होऊ न देणारा) असलेला तयार पॅक घे आणि धन टोकाजवळच फ्यूज लाव. सेलवर स्वतः सोल्डर करू नकोस, ते तापून धोक्याचे होतात. तोवर अडॅप्टरवर चालवणार असशील तर सॉकेटशेजारची खूण नीट बघ. कित्येक जुन्या जपानी संचांत मधली पिन ऋण असते, आणि हल्लीचे अडॅप्टर बहुतेक उलटे.

आज रात्री एवढंच कर. संच पालथा घाल, सेलचा कप्पा उघड आणि किती सेलची जागा आहे ते मोज. आत जुने सेल राहिले असतील तर त्यांच्यावर काय छापलंय ते वाच. अल्कलाइन असतील तर स्प्रिंगांवरची पांढरी पापडी व्हिनेगर लावलेल्या बोळ्याने निघते. साधे झिंक-कार्बन असतील तर ती आम्लाची असते, तिला खायच्या सोड्याचं पाणी लागतं. चष्मा लाव आणि बोळ्यातलं पाणी आत ओघळू देऊ नकोस. आणि कप्प्याच्या तळाचा एक फोटो काढून पाठव, पॅकचं माप मी इथे बसून काढून ठेवतो.

वहिनींना नमस्कार सांग.

तुझाच