अक्षर तेच, वळण वेगळं

तीर्थरूप आई-बाबांना,
साष्टांग नमस्कार.

परवा फोनवर बाबा म्हणाले, "जे रक्तातच आहे त्याला कोण काय करणार?" आईने विषय बदलला आणि माझं उत्तर तसंच राहून गेलं. ते दोन वाक्यांत बसणारं नाही, म्हणून लिहिते आहे.

बाबा, मी दिवसभर जे करते ते तुमच्या त्या वाक्याशीच येऊन भिडतं. जनुकात काय लिहिलंय याइतकंच ते वाचलं जातं का, कधी आणि किती, याला महत्त्व आहे. त्वचेच्या आणि मेंदूच्या पेशीत डीएनए जवळजवळ एकच असतो, वाचन मात्र निराळं. या वाचनावर ताबा ठेवणाऱ्या गोष्टी पुष्कळ आहेत. मी त्यातली एकच धरून बसले आहे: डीएनए स्वतः कसा वळतो, कुठे दुमडतो.

चित्रात दिसतो तो दुपेडी, उजवीकडे वळणारा पीळ वॉटसन आणि क्रिक यांनी १९५३ मध्ये मांडला. १९७९ मध्ये अलेक्झांडर रिच यांच्या गटाने डीएनएच्या एका छोट्या तुकड्याचा स्फटिक क्ष-किरणांनी तपासला, तर पीळ निघाला डावीकडे वळलेला! तेव्हापासून एकेक आडवळणाचे आकार सापडत गेले.

आई, तू माझी वेणी घालताना एखादी बट हातातून सुटली की ती आपली आपणच गुंडाळली जायची, आठवतं? डीएनएचंही तसंच होतं. जनुक वाचताना त्याचे दोन पेड तात्पुरते सुटे होतात. सुट्या पेडावर डीएनएच्या चार अक्षरांपैकी ग्वानिन या अक्षराचे झुबके थोड्या थोड्या अंतराने चारदा आले असतील, तर तो पेड स्वतःवरच दुमडतो. चार ग्वानिन एकमेकांना धरून सपाट चौकोन करतात, असे दोन-तीन चौकोन एकावर एक बसतात आणि मधल्या पोकळीत पोटॅशियम जाऊन बसतं. झाली चौपेडी गाठ. मी एका नळीत पोटॅशियम घालते, दुसरीत लिथियम. डीएनए दोन्हीत तोच. मग प्रकाश सोडून मोजलं की पहिल्या नळीच्या आलेखात २६४ नॅनोमीटरजवळ टेकडी उभी राहते, दुसरीत ती बसकीच राहते. टेकडी म्हणजे गाठ बसल्याची खूण. कितीदा पाहिलं तरी ती टेकडी चढताना मी काम सोडून बघत राहते.

नळीत होतं ते पेशीत होतंच असं नाही, हा आक्षेप बरीच वर्षं होता. २०१३ मध्ये केंब्रिजमधल्या शंकर बालसुब्रमणियन यांच्या गटाने ही गाठ ओळखून तिला चिकटणारं प्रथिन, म्हणजे प्रतिपिंड, वापरून ती मानवी पेशींत चमकत्या ठिपक्यांच्या रूपात दाखवली. तेच ठिपके माझ्या सूक्ष्मदर्शकाखाली, निळ्या केंद्रकात लाल, पहिल्यांदा दिसले तेव्हा तुम्हाला हाक मारून दाखवावेसे वाटले होते.

अशी एक गाठ एमवायसी नावाच्या जनुकाच्या तोंडाशी बसते. हे जनुक पेशींना वाढायला लावतं आणि कितीतरी कर्करोगांत ते बेफाम झालेलं असतं. २००२ मध्ये असं दिसलं की एक अक्षर बदलून गाठ मोडली की जनुकाचं वाचन सुमारे तिपटीने वाढतं. गाठ घट्ट धरणारं रसायन दिलं की घटतं. म्हणजे गाठ हे कुलूप झालं. पण पुढे पेशींमधल्या गाठींचे नकाशे निघाले, तर त्या जास्त करून भरपूर वाचल्या जाणाऱ्या जनुकांपाशीच सापडल्या! वाचन सुरू करणारी प्रथिनंही तिथे येऊन चिकटतात. मला वाटतं, एकच गाठ जागा पाहून कुलूपही होते आणि दार उघडणारी मूठही. माझं सगळं काम या एका वाटण्यावर उभं आहे.

जनुक वाचताना त्याची जी प्रत निघते ती आरएनए. तो तर एकपेडीच, त्यामुळे दुमडण्यात आणखी तरबेज. लिस्टेरिया या जंतूच्या एका आरएनएची सुरुवात थंडीत दुमडलेली असते, त्यामुळे त्यातून प्रथिन बनत नाही. ३७ अंश सेल्सिअसला, म्हणजे आपल्या शरीरात शिरल्यावर, ती घडी उलगडते आणि आजार घडवणारी जनुकं जागी होतात. तापमापक वेगळा नाहीच, घडी हाच तापमापक.

आणि बाबा, तुमच्या वाक्यासाठी एक आजार सांगते, फ्रीडरायख अटॅक्सिया. यात चालताना तोल जातो, हृदयही दुबळं होतं. बहुतेक रुग्णांत प्रथिनाची कृती अगदी बरोबर लिहिलेली असते. जनुकाच्या ज्या भागातून प्रथिन बनतच नाही तिथे जीएए ही तीन अक्षरं शेकडो वेळा आलेली असतात. तिथे तिपेडी गुंता होतो, ती जागा आवळली जाते आणि वाचन अडतं. रक्तात आहे ते बरोबर आहे, वाचता येत नाही एवढंच. म्हणून तर हा गुंता सैल करणारे रेणू शोधण्यात माणसं वर्षानुवर्षं घालवतात, आणि म्हणूनच मला तुमचं ते "कोण काय करणार" सोसवलं नाही.

सध्या मी पेशींमध्ये एका गाठीचं एकच अक्षर बदललं आहे, ती बांधलीच जाऊ नये म्हणून. वाचन वाढतं की घटतं, हे पुढच्या आठवड्यात कळेल.

अक्षर मुद्दाम मोठं काढलंय. तरी बाबांच्या डोळ्यांना ताण नको. आई, तूच त्यांना वाचून दाखव.

तुमची,
धाकटी