हेडफोन ऐकून घेऊ द्या

महोदय,
गणेशोत्सव जवळ आला की नाशकात घरच्या लॅपटॉपवर ढोल-ताशाची गाणी मिक्स करणाऱ्या मुलांची लगबग सुरू होते. साहित्य जमते, पण घोडे अडते हेडफोनपाशी. दुकानात हमखास पुढे येतो तो ‘जोरदार बास’वाला वायरलेस, आणि या कामाला नेमका तोच नको. त्यात खर्ज आधीच वाढवलेला असतो. ढोलाचा घुमारा कानात भरपूर वाटतो, म्हणून आपण तो उतरवतो आणि मंडळाच्या स्पीकरवर ढोल पोकळ वाजतो. ताशाचेही तसेच. ८ किलोहर्ट्झच्या आसपास, म्हणजे खूप उंच स्वरांत, उठाव असलेल्या हेडफोनवर ताशा बोचतो, आपण तो दाबतो, बाहेर तो बोथट लागतो. शिवाय ब्लूटूथवर आवाज उशिरा पोचतो. वाजवत रेकॉर्ड करताना ठेका सुटतो.

मिक्सिंगला शक्यतो मागून जाळी असलेला, म्हणजे ओपन-बॅक, वायरचा हेडफोन घ्यावा. डावी-उजवी बाजू आणि वाद्यांमधले अंतर त्यात मोकळे कळते. मात्र त्यातला आवाज बाहेर येतो आणि गायकाच्या माइकमध्ये क्लिकचा, म्हणजे लय धरण्यासाठी कानात वाजणारा, ठोका शिरतो. एकच जोड परवडत असेल, किंवा घर रहदारीच्या रस्त्याला लागून असेल, तर बंद पाठीचा, सपाट आवाजाचा, म्हणजे कुठलाच स्वर न वाढवणारा, घ्यावा.

ओहमचा आकडा, म्हणजे हेडफोनचा विद्युत अडथळा (इंपीडन्स), बहुतेक जण पाहतच नाहीत. ऑडिओ-टेक्निका एम५०एक्स ३८ ओहमचा आहे. तो लॅपटॉपवरही चालतो. सेनहायझर एचडी ६०० हा ३०० ओहमचा, त्याला चांगला इंटरफेस (लॅपटॉपला जोडायचे रेकॉर्डिंगचे उपकरण) किंवा अँप (आवाजाला जोर देणारे उपकरण) लागतो. बेयरडायनॅमिकचा डीटी ७७० प्रो ३२, ८० आणि २५० ओहममध्ये मिळतो. घरच्या इंटरफेसला ८० सोयीचा. इंटरफेसच्या हेडफोन आउटपुटचा इंपीडन्स हेडफोनच्या एक अष्टमांशाहून जास्त नसावा, म्हणजे ८० ओहमला १० पर्यंत. तो जास्त असला की बऱ्याच हेडफोनांत बास फुगतो आणि सैल होतो.

कानावरच्या गाद्या बदलता येतात का, हेही विचारावे. घामाने त्या चेपतात, फट पडते आणि खर्ज गळतो. चष्म्याच्या काडीनेही हेच होते. मग आपण बास उगाच वाढवत बसतो.

हेडफोनवर डाव्या कानाला फक्त डावी बाजू ऐकू येते, स्पीकरवर दोन्ही मिसळतात. म्हणून मिक्स मोनो करून, म्हणजे डावी-उजवी बाजू एकत्र करून, पाहावा आणि मोबाइलच्या स्पीकरवरही लावावा. आवाज ८० डेसिबलच्या आत ठेवावा. मोठ्या आवाजात बास आणि उंच स्वर दोन्ही भरदार भासतात, आणि कान बिघडतात ते वेगळेच.

शहरातल्या दुकानदारांना कळकळीची विनंती आहे : खोक्यावरचा दर सांगून थांबू नका. ओपन आणि बंद, दोन्ही प्रकारची एकेक जोड ऐकायला बाहेर ठेवा, आणि गिऱ्हाइकाला त्याच्या ओळखीचे गाणे दोन्हींवर सारख्याच आवाजात लावू द्या. एक जरा मोठा वाजला तरी तोच चांगला वाटतो आणि निवड चुकते.

— एक वाचक, सिडको, नाशिक