"सर्व प्रकारच्या प्लास्टिकसाठी" लिहिलेलं ॲडहेसिव्ह गाडीच्या पीपी (पॉलिप्रॉपिलीन प्लास्टिकच्या) पॅनलला धरतच नाही

प्रति,
ग्राहक सेवा विभाग

विषय: पाकिटावरच्या चुकीच्या माहितीमुळे चालत्या गाडीचं साइड पॅनल उडाल्याबद्दल

नमस्कार,

तुमचं दोन ट्यूबवालं इपॉक्सी ॲडहेसिव्ह मी मोटरसायकलच्या साइड पॅनलसाठी घेतलं होतं. सर्व्हिसिंग करताना पॅनल ओढलं आणि मागचं लॉक तुटलं, म्हणजे ती खुंटी जी चेसिसवरच्या रबरात घुसून बसते ती मुळातूनच निघाली. बाकी पॅनल धडधाकट, रंगसुद्धा चांगला, बोटाच्या पेराएवढ्या खुंटीसाठी अख्खं पॅनल टाकून द्यायचं जिवावर आलं म्हणून चिकटवायचं ठरवलं. पाकिटावर समोरच मोठ्या अक्षरात 'सर्व प्रकारच्या प्लास्टिकसाठी' असं छापलंय, ते वाचूनच घेतलं.

तुमच्या कस्टमर केअरने फोनवर पहिलाच प्रश्न विचारला की सरफेस क्लीन केला होता का. हो, केला होता. साबणाच्या पाण्याने चेनच्या ऑइलचा सगळा चिकटा काढला, सुकवलं, ८० नंबरच्या पॉलिश पेपरने दोन्ही बाजू खरवडल्या, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसल्या, दोन्ही ट्यूबमधून सारखंच घेऊन रंग एकजीव होईपर्यंत मिक्स केलं, खुंटीच्या बुडाशी फायबरची जाळी पण बसवली आणि टेप लावून २४ तास हात लावला नाही. दुसऱ्या दिवशी नखाने टोकरून बघितलं तर दगडासारखं कडक झालं होतं.

अकरा दिवस टिकलं. बाराव्या दिवशी हायवेला पॅनल फडफडल्याचा आवाज आला, मी साइडला घेईपर्यंत ते उडालं आणि मागून येणाऱ्या स्कूटरच्या पुढच्या चाकासमोर जाऊन पडलं. स्कूटरवर एक ताई होत्या आणि मागे त्यांची लहान मुलगी. त्यांनी ब्रेक दाबला, स्कूटर जराशी घसरली पण सावरली. मी माफी मागायला गेलो तेव्हा माझेच हात थरथरत होते आणि त्या मुलीने आईची ओढणी घट्ट धरून ठेवलेली ते अजून डोळ्यासमोर आहे. पॅनलचं नुकसान मी विसरेन, हे नाही विसरणार.

घरी येऊन तुटलेली जागा नीट बघितली. तुमचं इपॉक्सी फुटलेलं नव्हतं, कुठेच चीर नाही, ते अख्खंच्या अख्खं टोपीसारखं सुटून आलं होतं आणि त्याच्या आतल्या बाजूला माझ्या पॉलिश पेपरचे ओरखडे जसेच्या तसे उमटलेले, एकेक रेघ दिसत होती. म्हणजे मिक्सिंग बरोबर, माल कडक झाला, ओरखड्यात उतरला सुद्धा, पण प्लास्टिकला धरलंच नाही. मग पॅनल उलटं करून पाहिलं तर आत पीपी असं कोरलेलं. पॉलिप्रॉपिलीन. आणि त्याच ट्यूबमधलं उरलेलं इपॉक्सी मी त्याच दिवशी हेडलाइटच्या डोमच्या तड्याला लावलं होतं, डोमच्या आत एबीएस, म्हणजे वेगळ्याच प्लास्टिकचं नाव, कोरलंय, तो तडा आजही पक्का आहे. हात तोच, पेपर तोच, ट्यूब तीच, फरक फक्त प्लास्टिकचा.

पीपीचा पृष्ठभाग मेणासारखा असतो, त्यावर इपॉक्सी नीट पसरून पकड घेत नाही, खास प्रायमर तरी लागतो नाहीतर ज्योत किंवा प्लाझ्माने पृष्ठभाग तयार करावा लागतो. गाड्यांच्या पीपी बंपरला रंग देण्याआधी हे करतातच. ॲडहेसिव्ह बनवणाऱ्या कंपनीला हे माहीत नसेल असं होऊच शकत नाही, आणि तुम्हाला माहीत आहेच, कारण पाकिटातल्या घडी घातलेल्या कागदावर अगदी खाली, भिंग घेऊन वाचावं लागेल अशा अक्षरात लिहिलंय की पॉलिप्रॉपिलीन, पॉलिइथिलीन आणि टेफ्लॉनवर वापरू नये. मग समोर 'सर्व प्रकारच्या' कसं काय छापता? तो कागद पाकीट फोडल्यावर हातात येतो, विकत घेताना नाही. आणि मोटरसायकलवर पीपीचे भाग काय कमी असतात का, मडगार्ड, साइड पॅनल, आतली कव्हरं, कितीतरी.

मला पैसे परत हवेत, पण ते दुय्यम आहे. 'सर्व प्रकारच्या' हे शब्द समोरून काढा आणि तिथेच, तेवढ्याच मोठ्या अक्षरात, कुठल्या प्लास्टिकला चालत नाही ते लिहा, आणि पार्टच्या आतल्या बाजूला कोरलेलं नाव बघून मगच लावा हेही लिहा. एवढी एक ओळ असती तर मी ट्यूब घेतलीच नसती. आता मेकॅनिकने जुन्या पीपी पॅनलची पट्टी कापून सोल्डरिंग आयर्नने दोन्ही बाजूंनी वितळवून खुंटी जोडून दिलीय, तरी मी रोज निघताना पॅनल ओढून बघतो.

फोनवर 'नोंद घेतली आहे' एवढंच सांगितलं होतं, तक्रार नंबर दिला नाही, म्हणून हे लेखी देतोय आणि उत्तरही लेखीच हवंय. पाकीट, तो कागद आणि सुटून आलेली इपॉक्सीची टोपी तिन्ही जपून ठेवलंय. तुमच्या लॅबला बघायचं असेल तर कळवा, पाठवतो.

आपला,
एक ग्राहक