भंगारातला गँग वाचवा

महोदय,

जुने व्हॉल्व्ह रेडिओ, आणि त्यांतला गँग (स्टेशन लावताना फिरणारा, धातूच्या पाकळ्यांचा बदलता कपॅसिटर), किलोच्या भावाने भंगारात जाताना पाहून जीव हळहळतो, म्हणून हे पत्र. मी साताऱ्यातला निवृत्त वायरमन. घरात एलईडी दिवे आणि चार्जर आले तसा मीडियम वेव्हवर नुसता खरखराट सुरू झाला. उपाय सापडला तो १९२०च्या दशकातला, लूप अँटेनाचा.

सागवानी पट्ट्यांची फुली, त्यावर दोन फूट बाजूचा चौकोन, इनॅमल तांब्याच्या तारेचे १३ वेढे, दोन वेढ्यांत पाव इंच अंतर. टोकांना जुन्या रेडिओतला ५०० पीएफचा (पिकोफॅरड, कपॅसिटर मोजायचं माप) गँग. बॅटरी नाही, रेडिओला जोडणीही नाही. ट्रान्झिस्टर शेजारी ठेवायचा आणि गँग अगदी हळू फिरवायचा. ७९२ किलोहर्ट्झवरचं पुणे केंद्र खरखरीत बुडालेलं होतं; गँग जागेवर येताच आवाज असा वर आला की बायको पोळ्या सोडून बाहेर आली. मग चौकट फिरवली. लूप आपल्या कडांच्या दिशेने ऐकतो, समोरची-मागची बाजू जवळजवळ बहिरी. शेजारच्या चार्जरची गुणगुण त्या बहिऱ्या बाजूला आली आणि विरली.

१९५०च्या दशकात रेडिओच्या आतच अँटेना म्हणून बसणारी फेराइटची (एका चुंबकीय पदार्थाची) कांडी रुळली, चौकट मागे पडली. आता पाकळ्यांमध्ये नुसती हवा असलेला असा गँग दुकानात सहज मिळत नाही. वाचकांना कळकळीची विनंती: रेडिओ मोडीत काढण्याआधी जाणकाराकडून गँग काढून घ्या आणि जवळच्या शाळेच्या प्रयोगशाळेला द्या. पाकळ्या मात्र वाकू देऊ नका, एकमेकींना टेकल्या की शॉर्ट होतात.

- एक श्रोता, सातारा