बेस हाताला हलका करताना

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार.

हात दुखतो म्हणून ३० इंची शॉर्ट स्केल, म्हणजे तारेचा वाजणारा भाग आखूड असलेला, बेस गिटार घ्यायचा तुझा विचार कळला. घे, पण त्याआधी आहे तो ३४ इंची नीट लावून बघ. पहिल्या ते चौथ्या फ्रेटचं (नेकवरच्या, म्हणजे मानेवरच्या, धातूच्या आडव्या पट्ट्यांचं) अंतर तुझ्या बेसवर सुमारे १३० मिमी, शॉर्ट स्केलवर ११४. हा दीड सेंटीमीटर बोटं बदलूनही वाचतो. नटाजवळच्या (नट म्हणजे नेकच्या टोकाची खाचांची पट्टी) फ्रेटांवर डबल बेसवाल्यांसारखं पहिलं, दुसरं आणि चौथं बोट वापर, तिसरं चौथ्याच्या आधाराला. एका बोटाला एक फ्रेट हा हट्ट पाचव्या फ्रेटनंतर.

तारा कडक का लागतात ते आधी शोध. पहिल्या फ्रेटवर कॅपो, म्हणजे सगळ्या तारा दाबून धरणारा चिमटा, लावून वाजव. एकदम हलकं वाटलं तर नटाच्या खाचा उथळ आहेत. हे काम कारागिराकडेच दे. खाच जरा जास्त घासली गेली की मोकळी तार खरखरते आणि नटच बदलावा लागतो.

मग ट्रस रॉड, म्हणजे नेकचा बाक कमीजास्त करणारा आतला दांडा. बेस सुरात लाव, कॅपो तसाच ठेवून सर्वांत जाड ई तार शेवटच्या फ्रेटवर दाब आणि सातव्या-आठव्या फ्रेटपाशी तारेखालची फट मोज. साधारण ०.३ मिमी हवी. गॅरेजवाले इंजिनाच्या टॅपेटला लावतात तेच फीलर गेज, म्हणजे फट मोजायच्या पातळ पट्ट्या, चालतं. फट जास्त असेल तर रॉड घड्याळाच्या दिशेने, एका वेळी पाव फेऱ्याहून कमीच फिरवायचा. पुन्हा सूर, पुन्हा माप. अडकला तर जोर लावू नकोस. रॉड तुटला तर दुरुस्तीचा खर्च स्वस्त बेसच्या किमतीवर जातो. चावी मापाचीच घे, सैल चावीने खोबण गोल होते.

नेक झाल्यावरच ब्रिजकडे वळ; तिथले सॅडल (तार ज्यावर टेकते ते तुकडे) तारांची उंची ठरवतात. उलटं केलंस तर दोन्ही कामं परत. कॅपो काढून सतराव्या फ्रेटवर तारेखाली ई ला २.४ आणि सर्वांत बारीक जी ला २ मिमी, इथून सुरुवात कर. पहिल्या चार-पाच फ्रेटांवरच खरखर आली तर नेक फार सरळ झालाय; बाराव्यापुढे आली तर सॅडल खाली गेलेत; एकाच ठिकाणी आली तर फ्रेट उचललंय, तिथे चावी काही कामाची नाही.

४५-१०५ ऐवजी ४०-९५ च्या, म्हणजे बारीक, तारा लावल्यास तर ताण घटतो, नेक मागे जातो आणि वरचं सगळं पुन्हा तपासावं लागतं. शेवटी इंटोनेशन, म्हणजे सगळ्या फ्रेटांवर सूर बरोबर येणं: बाराव्या फ्रेटवर दाबलेला स्वर तिथेच तारेला नुसतं बोट टेकवून काढलेल्या हार्मोनिकपेक्षा चढा लागला तर सॅडल मागे घे.

आता पट्टा, ज्याला कुणी मोजत नाही. तुझा बेस नेकच्या टोकाकडे खाली झुकतो, म्हणजे डावा हात स्वर दाबतो आणि नेकही पेलतो. चार इंच रुंद, आतून खरखरीत चामड्याचा पट्टा घे. बसल्यावर बेस जिथे असतो तिथेच उभं राहिल्यावर राहील इतकी लांबी ठेव, म्हणजे मनगट मुडपत नाही. तरी झुकलाच तर तारा पिळायच्या ट्यूनिंग मशीन हलक्या बसव.

आणि ॲम्पचा आवाज वाढवून उजवा हात हलका कर. जोरात ओढणाऱ्याला कमी उंचीच्या तारा खरखरणारच. पाऊस सुरू झाला की नेकची फट पुन्हा मोज.

तुझा,
अविनाश