आतल्या बाजूच्या ब्रेसेससाठी माझ्या डॉक्टरांना आभारपत्र

आदरणीय डॉक्टर,
सादर नमस्कार.

माझ्या पुढच्या दातांची दाटी सोडवून आपण ते रांगेत आणलेत, त्याबद्दल आभार मानायचेच आहेत. परंतु हे पत्र सर्वांसमक्ष लिहावेसे वाटले, ते आपण उपचारापूर्वी जे स्पष्टपणे सांगितलेत त्यामुळे. मी शिक्षिका असल्याने, ब्रेसेस जिभेच्या बाजूला असतील आणि कुणालाही दिसणार नाहीत, एवढ्या आश्वासनावरही मी तयार झाले असते. आपण मात्र आधी अडचणी सांगितल्यात. सुरुवातीचे काही आठवडे स, त, द, ल उच्चारताना जीभ अडखळेल, तिच्या कडा सोलवटतील आणि माझे वरचे दात खालच्या दातांना प्रमाणाबाहेर झाकत असल्यामुळे खालचे दात वरच्या ब्रॅकेटवर (म्हणजे तार धरून ठेवण्यासाठी वरच्या दातांना आतून चिकटवलेल्या छोट्या तुकड्यांवर) टेकून दाढा काही काळ एकमेकींना लागणारच नाहीत, हे आपण समजावून सांगितलेत. पुढे अगदी तसेच घडले, पण ठाऊक असल्यामुळे त्याची धास्ती वाटली नाही. टोचणाऱ्या ब्रॅकेटवर मेण लावायचे आणि रोज मोठ्याने वाचायचे, हे आपले दोन्ही उपाय लागू पडले.

माझ्या दातांसाठी ब्रॅकेट मुद्दाम घडवून का घ्यावे लागले, हेही आपण सांगितलेत. दातांची बाहेरची बाजू बहुतेकांची बरीचशी सारखी असते, आतली बाजू मात्र कुठे खोलगट तर कुठे उंचवट्याची असल्याने तयार ब्रॅकेट तिथे नीट बसत नाही. म्हणून दातांचे स्कॅन घेऊन, ते शेवटी कसे दिसायला हवेत याची मांडणी आधी ठरवून, त्यावरून प्रत्येक दाताचे ब्रॅकेट आणि तारेचा प्रत्येक बाक ठरवला जातो. १९७०च्या दशकात जपानमध्ये किन्या फुजिता आणि अमेरिकेत क्रेव्हन कर्ट्झ यांनी अशा ब्रेसेसवर स्वतंत्रपणे काम सुरू केले, आणि फुजितांच्या डोळ्यांसमोर तोंडावर मार बसून ओठ फाटणारे खेळाडू होते, ही माहिती मला विशेष आवडली. केवळ दिसण्याच्या हौसेतून हे निघाले असावे, असा माझा समज होता.

जागा करण्यासाठी दात काढावा लागेल का, ही माझी मोठी चिंता होती. आपण मोजमाप करून, पुढच्या दातांच्या लगतच्या कडा दर फटीत अर्ध्या मिलिमीटरहून कमी घासल्या तरी पुरेल, असा निर्णय घेतलात आणि तो योग्य ठरला. काम लवकर उरकेल का, असे मी विचारल्यावर, ज्या दिशेला दात सरकतो तिकडचे हाड झिजते व मागे नवे हाड भरत येते, ही क्रिया महिन्याला साधारण १ मिलिमीटरच्या वेगाने चालते आणि जोर वाढवल्यास मुळांना इजा होऊ शकते, हे आपण शांतपणे सांगितलेत. घाईला आपण दिलेला हा नकार मला इतर साऱ्या कौशल्याइतकाच मोलाचा वाटतो.

आणि आपले श्रम! दर भेटीत मान वाकवून, छोट्या आरशात पाहत, जीभ बाजूला ठेवत एकेका ब्रॅकेटमध्ये तार बसवणे बाहेरच्या ब्रेसेसपेक्षा किती जिकिरीचे असते, ते खुर्चीत पडल्या पडल्या मला जाणवत असे. ब्रॅकेटभोवती कण अडकू नयेत म्हणून दातांच्या फटींत फिरवायचा बारीक ब्रश कसा धरायचा, हे आपल्या सहायक ताईंनी न कंटाळता पुन्हा पुन्हा दाखवले.

आता दात मूळ जागी परतू नयेत म्हणून आतून चिकटवलेली रिटेनरची बारीक तार तेवढी आहे. तिच्या तपासणीसाठी ठरल्याप्रमाणे येईनच. ज्यांनी हे ब्रॅकेट घडवले, त्या प्रयोगशाळेतील तंत्रज्ञांची माझी कधी भेट झाली नाही. त्यांनाही माझे आभार कृपया कळवावेत.

आपली कृतज्ञ,
एक रुग्ण