क्रिसोटाइल फुफ्फुसात टिकत नाही, म्हणून निर्धोक?

मा. केंद्रीय पर्यावरण, वन आणि हवामान बदल मंत्री, नवी दिल्ली यांस,

स. न. वि. वि.

घातक रसायनांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या रॉटरडॅम कराराच्या यादीत क्रिसोटाइल, म्हणजे पांढरा ॲस्बेस्टॉस, घालायला भारताने २०११ साली होकार दिला आणि २०१३ साली पुन्हा विरोध केला. यादीत गेल्याने बंदी येत नाही. आयातदार देशाला आधी माहिती देऊन त्याची संमती घ्यावी लागते, एवढेच. त्याला विरोध कशासाठी?

‘क्रिसोटाइल फुफ्फुसात टिकत नाही’ हा उद्योगाचा लाडका मुद्दा. तो खोटा नाही, अर्धा आहे.

तंतू फुफ्फुसात किती टिकतात हे मोजायला १९७०च्या दशकात इंग्लंडमधल्या हारवेल येथे ॲस्बेस्टॉसचे तंतू अणुभट्टीत ठेवून त्यांच्यावर न्यूट्रॉनचा मारा करत. त्यातल्या लोहाचा थोडा अंश किरणोत्सारी लोह-५९ होई. अर्धायुष्य सुमारे ४५ दिवस. हे तंतू उंदरांच्या श्वासातून आत जात, मग जिवंत उंदीरच गॅमा मोजणाऱ्या यंत्रात. लेंड्यासुद्धा मोजायच्या! श्वासनलिकेत अडकलेले तंतू कफाबरोबर घशाशी येतात, गिळले जातात आणि काही दिवसांत लेंड्यांतून पडतात. खोल वायुकोशांत पोचलेले मात्र महिनोन्‌महिने ठाण मांडून बसतात. कापाकापी न करता एकाच उंदराचा इतका लांबचा हिशेब ठेवणारी ही पद्धत मला आजही देखणी वाटते.

पण यंत्र मोजते ते किरणोत्सारी मूलद्रव्य, तंतू नव्हे. क्रिसोटाइलचा तंतू फुफ्फुसात उभा चिरत जातो, त्यातले मॅग्नेशियम विरघळते. वजन घटले म्हणून तंतूंची संख्याही तितकीच घटली, असे धरता येत नाही. शिवाय १९७४ साली वॅग्नर आणि सहकाऱ्यांनी उंदरांवर निरनिराळे ॲस्बेस्टॉस तपासले, तेव्हा क्रिसोटाइल हुंगलेल्या फुफ्फुसांत धूळ कितीतरी कमी उरली होती. कर्करोगाच्या गाठी मात्र कमी नव्हत्या. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थाही सगळ्याच ॲस्बेस्टॉसला पहिल्या गटात, म्हणजे माणसाला कर्करोग करणाऱ्या पदार्थांत धरते.

तेव्हा कराराच्या पुढच्या बैठकीत भारत कोणती बाजू घेणार आणि कोणत्या शास्त्रीय आधारावर, हे बैठकीआधी जाहीर करावे. ‘टिकत नाही’ एवढे उत्तर पुरणार नाही.

दुसरे, सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली ॲस्बेस्टॉस कामगारांच्या आरोग्याच्या नोंदी किमान ४० वर्षे जपायला सांगितल्या. श्रम मंत्रालयाकडून माहिती घेऊन किती कारखाने त्या जपतात, ते सांगावे. आणि छपरावर उकिडवा बसून, तोंडाला रुमाल बांधून, सिमेंटचा पत्रा कटरने कापणारा जो रोजंदारीचा माणूस आहे, त्याची नोंद कुठल्या रजिस्टरात होते, तेही.

आपला,
एक विज्ञान शिक्षक